तंत्र कोणाच्या हातचे?

दलित साहित्याच्या चर्चेत 'तंत्र' हा शब्द निघाला की आपल्यातल्या पुष्कळांच्या मनात अढी बसते. ती अढी अकारण बसलेली नाही. फडके-संप्रदाय कथेच्या तंत्राचे पाठ गिरवीत होता, तेव्हा आमची माणसे सार्वजनिक तळ्यातले ओंजळभर पाणी पिता यावे म्हणून डोकी फोडून घेत होती. आरंभ चटकदार असावा, शेवटी कलाटणी असावी, ही कलाकुसर ज्यांच्या पोटात दोन वेळचे अन्न बिनबोभाट जात होते त्यांची होती. म्हणून आमच्या पहिल्या पिढीच्या लेखकांनी अनुभवाला अग्रस्थान दिले आणि तंत्राला दाराबाहेर उभे केले. ते योग्यच झाले. ते तसे झाले नसते तर मराठी वाङ्मयात गावकुसाबाहेरचा माणूस स्वतःच्या तोंडाने बोललाच नसता.

परंतु तंत्राचा नटवेपणा नाकारताना आपण तंत्रावरचा आपला हक्कही सोडून दिला काय, हा प्रश्न अलीकडे मला छळतो आहे. त्याला निमित्त झाल्या अमेरिकेतल्या काही स्त्रियांच्या जुन्या चित्रफिती. १९७५ ते १९८४ या दहा वर्षांतल्या या फिती स्त्री, पडदा आणि यंत्र यांच्या संबंधाविषयी आहेत. आमच्या अभ्यासवर्गात मी त्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. पहिलीच फीत संपली तेव्हा एका कार्यकर्त्याने सरळ विचारले, "सर, आपल्या बायाबापड्यांचा आणि ह्या गोऱ्या बायकांचा संबंध काय?"

प्रश्न रास्त होता. मी एवढेच म्हणालो की, १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या चळवळीकडून घेतले. तेव्हा संबंध कोणी विचारला नव्हता. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने 'दलित' शब्दाची जी व्यापक व्याख्या केली, तीत स्त्रियांचाही समावेश होता. तो शब्द आपण कितपत पाळला, हे तपासायला कधी कधी दूरचा आरसा बरा पडतो.

१

आधी यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९६७ साली सोनी कंपनीने पोर्टापॅक नावाचे उपकरण बाजारात आणले. एका माणसाला खांद्यावर टाकून नेता येईल असा तो कृष्णधवल व्हिडिओ कॅमेरा आणि फीत भरण्याचे यंत्र. तोवर हलते चित्र म्हणजे सिनेमा किंवा टीव्ही. त्यासाठी भांडवल, स्टुडिओ, प्रयोगशाळा आणि माणसांचा ताफा लागे. पोर्टापॅकवर टिपलेले चित्र त्याच क्षणी पाहता येई, आवडले नाही तर पुसून पुन्हा टिपता येई. ते गरिबाला परवडणारे नव्हते; पण संस्था, महाविद्यालये आणि कलावंतांचे छोटे गट ते मिळवू शकत होते.

स्त्रिया या माध्यमाकडे मोठ्या संख्येने का वळल्या, याचे एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. चित्रकलेत आणि शिल्पकलेत पुरुषांनी शतकानुशतकांची वतने करून ठेवली होती. गुरू त्यांचे, समीक्षक त्यांचे, संग्रहालये त्यांची. व्हिडिओ काल जन्माला आलेले माध्यम होते. त्यात वतनदार कोणी नव्हता. वतनदारीचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. जिथे सातबाऱ्यावर कोणाचेच नाव चढलेले नाही अशा जमिनीत भूमिहीनाने नांगर घालावा, तशा या स्त्रिया व्हिडिओत उतरल्या.

मार्था रॉस्लर यांची 'सेमिऑटिक्स ऑफ द किचन' ही १९७५ ची फीत सुमारे सहा मिनिटांची आहे. टीव्हीवरच्या पाककृतीच्या कार्यक्रमाचे ते विडंबन आहे. कॅमेरा एका जागी खिळलेला. समोर ओटा. एक बाई इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने स्वयंपाकघरातली एकेक वस्तू उचलते, तिचे नाव घेते आणि ती वापरून दाखवते. सुरुवात अंगावर ॲप्रन चढवण्यापासून. मात्र वापरण्याची तऱ्हा अशी की काटा हवेत भोसकला जातो आणि डावातला नसलेला रस्सा बाजूला भिरकावला जातो. शेवटची काही अक्षरे ती हातात हत्यारे धरून स्वतःच्या हातांनीच हवेत काढते आणि अखेरीस नुसते खांदे उडवते. आरडाओरडा नाही, भाषण नाही. पण रोजच्या वस्तूंची नावे तिने अशी काही घेतली की त्यांचा राग ऐकू येऊ लागतो.

डारा बर्नबॉम यांची १९७८-७९ ची फीत 'टेक्नॉलॉजी/ट्रान्सफॉर्मेशन: वंडर वुमन' या नावाची. त्या काळी अमेरिकन टीव्हीवर 'वंडर वुमन' नावाची मालिका चालत असे. तिची नायिका एरवी चष्मा लावून कचेरीत काम करणारी साधी स्त्री. संकट आले की ती स्वतःभोवती गरगर फिरते, स्फोट होतो, आणि तिच्या जागी तोकड्या पोशाखातली अचाट शक्तीची देवता उभी राहते. बर्नबॉम यांनी त्या मालिकेचीच चित्रे घेतली आणि गरगर फिरण्याचा, स्फोटाचा तो क्षण पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा दाखवला. कथा काढून टाकल्यावर उरली ती फक्त कळ. कळ दाबली की कारकून बाई देवी होते. कळ दाबली की देवी पुन्हा कारकून होते. मधल्या आयुष्याला जागाच नाही. हे काम न्यूयॉर्कच्या सोहो भागात केशकर्तनालयाच्या खिडकीतही दाखवले गेले, म्हणजे ज्या स्त्रिया स्वतःला बदलून घ्यायला तिथे येत त्यांच्या डोळ्यांपुढे.

बर्नबॉम यांनी स्वतःच्या कॅमेऱ्याने काही टिपलेले नाही. टीव्हीचे चित्र एकाच दिशेने घरात येते आणि आपण निमूट पाहतो, हा नियम त्यांनी मोडला. आलेले चित्र अडवले, कापले, उलटून विचारले. आपल्याकडे पोथ्यापुराणांशी जोतीराव फुल्यांनी जे केले त्याच जातीचे हे काम आहे. दशावताराच्या कथा त्यांनी पुन्हा सांगितल्या त्या भक्तीसाठी नव्हे, तर त्यांतला कावा उघडा करण्यासाठी.

२

आता संगणकाच्या जवळ येऊ. लिन हर्शमन यांची 'लॉर्ना' ही कृती १९७९ ते १९८४ या काळात घडत गेली आणि १९८३ साली प्रथम मांडली गेली. ती फितीवर नाही, लेझर-तबकडीवर आहे. फरक महत्त्वाचा आहे. फीत आरंभापासून शेवटापर्यंत सरळ चालते. तबकडीवर यंत्र हव्या त्या ठिकाणी उडी मारू शकते. प्रेक्षकाने रिमोटवर आकडा दाबायचा आणि पुढचा तुकडा निवडायचा. आज संगणकावर आणि फोनवर आपण दिवसभर हेच करतो. कलाकृतीत ते करून दाखवणाऱ्यांत ही कृती अगदी आघाडीची.

लॉर्ना ही एकटी राहणारी बाई आहे. घराबाहेर पडण्याची तिला धास्ती वाटते. ती खोलीत बसून टीव्ही पाहते आणि टीव्हीवरच्या बातम्यांनी, जाहिरातींनी तिची धास्ती वाढत जाते. बाहेरच्या जगाशी तिचा संबंध टीव्ही आणि टेलिफोन यांच्यापुरता उरला आहे. तिच्या खोलीतल्या वस्तूंना क्रमांक दिलेले आहेत. आकडा दाबला की त्या वस्तूमागचा तिच्या आयुष्याचा तुकडा उघडतो. हलते चित्र एकूण १७ मिनिटांचे, पण प्रकरणे ३६, आणि ती वाटेल त्या क्रमाने लावता येतात. प्रदर्शनात प्रेक्षक बसतो ती खोलीही लॉर्नाच्या खोलीसारखी मांडलेली. हातात तिच्यासारखाच रिमोट. कथेचे शेवट तीन आहेत: ती टीव्हीवर गोळी झाडते, किंवा स्वतःचा जीव घेते, किंवा घर सोडून लॉस एंजेलिसला निघून जाते.

पहिल्यांदा वाटते, प्रेक्षकाला केवढे स्वातंत्र्य! दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते की आपण जे जे निवडले ते ते आधीच तबकडीवर कोरलेले होते. चौथा शेवट नाही. खोलीत अडकलेल्या बाईचे नशीब आपण ठरवतो असे आपल्याला वाटते, आणि प्रत्यक्षात आपणही तिच्यासारख्याच खुर्चीत बसून आकडे दाबत असतो. हर्शमन यांना नेमके हेच दाखवायचे आहे असे मी समजतो. ज्याला निवड म्हणून गौरवले जाते ती पुष्कळदा दुसऱ्याने आखलेल्या रस्त्यांपैकी एका रस्त्याला बोट लावणे असते. जातिव्यवस्थेत जन्मलेल्या माणसाला हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. माणूस जन्मण्याआधी त्याचा धंदा, त्याची आळी, त्याचे स्मशान कोरून ठेवलेले असते. त्यानंतर त्याला सांगतात की, कर्म करण्यास तू मोकळा आहेस.

'लॉर्ना'वरच्या चर्चेत शेवटच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, हिला दार उघडायची भीती वाटते. माझ्या आईला दार लावून घरात बसायला कधी मिळालंच नाही. पहाटे चारला ती दुसऱ्यांच्या दारात असायची."

वर्ग स्तब्ध झाला. मलाही ते पटले. मी लगेच त्यावर बोलू लागलो. म्हणालो, उंबरठ्याआड कोंडलेली स्त्री हा सवर्ण, पांढरपेशा घरांचा प्रश्न आहे. आमच्या स्त्रियांचा छळ झाला तो शेतात, बांधावर, रस्त्यावर, मालकाच्या वाड्यात. गोरी लॉर्ना खोलीत सुरक्षित आहे म्हणून तिला भिण्याची चैन परवडते. टाळ्या पडल्या. माझे मलाच बरे वाटले.

वर्ग सुटल्यावर दुसरी एक विद्यार्थिनी थांबली. तिने फक्त विचारले, "सर, तुम्ही 'जिणं आमुचं' वाचलंय ना?"

वाचलेच होते. बेबी कांबळे यांचे हे आत्मकथन १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने. मी ते वाचले, शिकवलेही. तरीही त्यातली एक गोष्ट मी सोयीस्करपणे विसरलो होतो. बेबीताईंच्या वडिलांनी त्यांच्या आईला घराबाहेर पडू दिले नव्हते. बायको घरात कोंडून ठेवणे हा त्यांना आपल्या इज्जतीचा भाग वाटत होता. चार पैसे गाठीशी आले की महारवाड्यातही उंबरठा उगवत होता. आणि तोही गावातल्या वरच्या घरांचे पाहूनच. खुद्द बेबीताईंनी आपले लेखन घरच्या माणसांपासून कितीतरी वर्षे लपवून ठेवले होते. म्हणजे लॉर्नाची खोली आमच्यातही होती. तिच्यात टीव्ही नव्हता, रिमोट नव्हता. दाराला कडी मात्र होती आणि ती बाहेरून लावणारा हात आमच्यापैकीच कोणाचा तरी होता.

त्या मुलीच्या आईची हकिकत खोटी ठरत नाही. दोन्ही खरे आहे. पण त्यातले एकच खरे मानून मी टाळ्या घेतल्या. सवर्ण पुरुष आपल्याला सांगतो, "तुमचा प्रश्न हा नव्हेच." तेच वाक्य मी वेगळ्या शब्दांत आमच्या मुलींना सांगत होतो. हे मला १९८० सालच्या एका चित्रफितीने जितके झोंबवले तितके दुसऱ्या कशानेच नाही.

३

हॉवर्डीना पिंडेल या काळ्या चित्रकर्ती. जन्म १९४३, फिलाडेल्फियाचा. येल विद्यापीठातून कलाशिक्षण घेऊन १९६७ पासून बारा वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात नोकरी केली. टीव्हीच्या पडद्याशी त्यांचे नाते जुने होते. १९७३ पासून त्या पारदर्शक कागदावर आकडे आणि बाण काढून तो कागद चालू टीव्हीच्या काचेवर लावीत आणि त्याचे छायाचित्र घेत. त्या चित्रांत पडद्यावरच्या खेळाडूंच्या अंगावर, चेहऱ्यांवर बाण आणि अंक धावताना दिसतात. माणूस आकड्यांत कसा मोजला जातो आणि यंत्र माणसाकडे कसे पाहते, याची ती जणू आगाऊ रेखाटने आहेत.

स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेली ए. आय. आर. ही कलावीथी १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. तिच्या वीस संस्थापिकांमध्ये पिंडेल होत्या, आणि त्यांच्यात काळी स्त्री ती एकटीच. याच कलावीथीत १९८० साली अमेरिकेतल्या 'तिसऱ्या जगातील' स्त्री-कलावंतांचे प्रदर्शन भरले. ते रचणाऱ्या तिघींपैकी एक अलीगढला जन्मलेल्या झरीना होत्या. या प्रदर्शनात पिंडेल यांची 'फ्री, व्हाइट अँड ट्वेंटीवन' ही बारा मिनिटांची फीत दाखवली गेली. स्वतंत्र, गोरी आणि एकवीस वर्षांची, असा त्या नावाचा अर्थ. माझ्यावर कोणाची मालकी नाही, मी वाटेल ते करीन, हे सांगण्यासाठी अमेरिकन गोऱ्यांत रूढ असलेला तो वाक्प्रचार.

फितीत दोन स्त्रिया आहेत. एक काळी, स्वतः पिंडेल. ती कॅमेऱ्याकडे पाहून सपाट आवाजात आठवणी सांगते. आईच्या लहानपणीची गोष्ट: सांभाळणाऱ्या बाईला त्या मुलीचा काळा रंग म्हणजे मळ वाटला आणि तिने तिला दाहक क्षाराने घासले, हातावर भाजल्याचे व्रण राहिले. बालवाडीतली गोष्ट: दुपारच्या झोपेच्या वेळी लघवीला जाऊ का म्हणून विचारले तर शिक्षिकेने खाटेला बांधून ठेवले. शाळेतली गोष्ट: गुण उत्तम असूनही वरच्या वर्गात घातले नाही, कारण गोरे मूल पुढे जाऊन जास्त काही करील. सांगता सांगता ती पांढऱ्या पट्टीने आपले डोके गुंडाळू लागते. पुढे चेहऱ्यावरून एक पातळ पापुद्रा सोलून काढते.

दुसरी स्त्री गोरी. सोनेरी केसांचा टोप, काळा चष्मा, पांढरा रंग फासलेला चेहरा. तीही पिंडेलच. प्रत्येक आठवणीनंतर ती येते आणि गोड, कंटाळलेल्या आवाजात बोलते: तुला भास होत असतील. माझ्यावर तर असे कधी आले नाही. आम्ही एवढे केले तरी तू कृतघ्नच. तुझी कला आम्हांला हवी तशी राजकीय नसेल तर आम्ही तुला मानणार नाही. तुझ्या जागी दाखवायला दुसरी कोणीतरी मिळेल. शेवटी ती एक मोजा ओढून आपले तोंडच झाकून टाकते.

या फितीने माझ्या 'तंत्र'विषयक मतांना धक्का दिला तो इथे. कल्पना करा, पिंडेल यांनी फक्त आठवणी सांगितल्या असत्या. अनुभव अस्सल, भाषा साधी. पाहणारे हळहळले असते. 'किती भोगलंय' म्हणाले असते आणि घरी गेले असते. आमच्या आत्मकथनांचे नेमके हेच झाले नाही काय? पांढरपेशा वाचकाने ती वाचली, डोळे पुसले, पारितोषिके दिली आणि पुस्तक मिटले. तो पुस्तकाच्या बाहेर राहिला. पिंडेल यांनी त्याला बाहेर राहू दिले नाही. ऐकणारी स्त्री, तीही चळवळीतली, समतेची भाषा बोलणारी, तिचे उत्तर त्यांनी फितीतच आणून बसवले आणि त्याला स्वतःचाच चेहरा दिला. दोन चेहरे, एक कॅमेरा, मधले जोड. आता प्रेक्षकाला 'तुझा गैरसमज झाला असेल' असे म्हणताच येत नाही, कारण ते वाक्य त्याच्या आधी पडद्यावरून म्हणून झालेले असते. 'आता कुठे राहिलीय जात?' हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेले नाही? पण त्या वाक्याला चेहरा देऊन आपण किती वेळा उभे केले?

इथे तंत्र हा दागिना नाही. ते काढून घेतले तर आशयच अर्धा होतो. अनुभव कोणी सांगायचा एवढाच प्रश्न नसतो. तो कोणत्या चौकटीत ऐकला जाणार आणि ऐकणारा कुठे बसणार, हेही ठरवावे लागते. ते आपण ठरवले नाही तर दुसरा कोणी ठरवतो. तंत्र म्हणजे हे ठरवण्याची सत्ता. ती सत्ता आपण फडक्यांच्या चटकदार शेवटाबरोबर फेकून देता कामा नये.

४

मात्र या स्त्रियांच्या कामातही एक रिकामी जागा राहते आणि ती दाखवल्याशिवाय त्यांचे कौतुक पुरे होत नाही. त्यांनी पडद्यावरच्या चित्राला जाब विचारला. यंत्राच्या पेटीत कोणाचे हात आहेत, हे या चारही कृतींत दिसत नाही.

१९६५ ते १९७५ या काळात फेअरचाइल्ड या अमेरिकन कंपनीने न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉक येथे, नवाहो आदिवासींच्या राखीव भूमीवर, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग तयार करण्याचा कारखाना चालवला. संगणकाचे हृदय म्हणतात त्या एकात्मिक मंडलांचे बारीक, डोळ्यांत तेल घालून करायचे काम तिथे होई. भरभराटीच्या दिवसांत हजारावर कामगार होते, बहुसंख्य नवाहो स्त्रिया. १९६९ च्या कंपनीच्या माहितीपत्रकात नवाहो स्त्रियांनी विणलेल्या गालिच्याचे चित्र आणि मंडलाचे चित्र यांची सांगड घातली होती. लिसा नाकामुरा या अभ्यासिकेने २०१४ साली हा सारा व्यवहार उलगडून दाखवला. या बायकांच्या बोटांत विणकामाची कला पिढ्यान् पिढ्या आहे, तेव्हा हे काम त्यांना निसर्गतःच जमते, असा त्या गौरवाचा अर्थ. शिकलेले कौशल्य म्हटले की त्याचा दाम द्यावा लागतो. रक्तातला गुण म्हटला की नुसते कौतुक पुरते.

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. श्रमविभागणीच्या नावाखाली जातीने श्रमिकांचीच विभागणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. मेलेले ढोर ओढणे हा ज्यांचा धर्म ठरवला त्यांच्याविषयीही, हे काम त्यांनाच जमते, असेच म्हटले जात होते. १९७५ साली शिपरॉकमध्ये कामगारकपात झाली, अमेरिकन इंडियन मूव्हमेंटच्या कार्यकर्त्यांनी कारखाना ताब्यात घेतला आणि कंपनीने तो कायमचा बंद केला. रॉस्लर यांनी स्वयंपाकघरातली हत्यारे उगारली ते सालही १९७५. एकीच्या हातात काटा होता, दुसरीच्या हातातला सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा काढून घेतला गेला. त्या दोघी एका चौकटीत कधी आल्या नाहीत.

पुढची पिढी पेटीपर्यंत पोहोचली. एम. आय. टी.च्या मीडिया लॅबमध्ये काम करताना जॉय बुओलाम्विनी या काळ्या संशोधक स्त्रीचा चेहरा संगणकाला दिसेना. तिने पांढरा मुखवटा चढवला तेव्हा दिसला. पिंडेल यांनी १९८० साली तोंडाला फासलेला पांढरा रंग इथे यंत्राची अट होऊन परत आला. २०१८ साली बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी बुओलाम्विनी यांनी यावर एक काव्यचित्रफीत केली, तीत यंत्र नामवंत काळ्या स्त्रियांनाही पुरुष म्हणताना दिसते. आकडे शोधनिबंधात होतेच. पण अपमान दिसायला फीत लागली.

आपल्याकडे यंत्राला वेगळा मुखवटा लागतो. विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर जातीचा रकाना असतो. मुलीने शिक्षण लिहावे, नोकरी लिहावी, आणि मग खाली उघडणाऱ्या यादीतून आपली जात बोटाने निवडावी. लॉर्नाच्या रिमोटवरचे आकडे मला तिथे आठवतात. यादी बनवणारा म्हणतो, मी कोणावर सक्ती करीत नाही, मी फक्त पर्याय देतो. मनूनेही याहून वेगळे काय केले? त्याचे पर्याय थोडे होते, एवढेच.

५

मग आपण काय करावे? गोऱ्या स्त्रियांच्या फितींची नक्कल करून उपयोग नाही. हातात मोबाईल आला म्हणजे माध्यम हातात आले, या भ्रमातही राहू नये. चित्र टिपणे सोपे झाले. ते कोणाला, कोणत्या क्रमाने दिसणार हे ठरवणारी पेटी अजून आपल्या हातची नाही. तरी सुरुवात होते. २००२ साली बुंदेलखंडात 'खबर लहरिया' हे पत्र निघाले, ते चालवणाऱ्या ग्रामीण स्त्रियांत दलित स्त्रिया पुढे होत्या, आणि पुढे त्यांनीच मोबाईलवर बातम्या टिपायला घेतल्या. संगणक शिकणारी आपली मुले-मुली आज हजारोंनी आहेत. त्यांच्याकडे आपण नोकरी मिळवणारी पिढी म्हणून पाहतो. यादीतला रकाना कोण लिहितो, हे विचारणारी पिढी म्हणून त्यांच्याकडे पाहायला आपण शिकले पाहिजे, आणि आपल्या साहित्याच्या चर्चेत त्यांना बोलावले पाहिजे.

एक काम मात्र यंत्र न घेताही करता येते आणि ते आम्हां पुरुषांचे आहे. पिंडेल यांनी ऐकणाऱ्याचा चेहरा स्वतः चढवला. आमच्या बायका, बहिणी, मुली घरात आणि चळवळीत काही सांगू लागल्या की त्यांना आमच्याकडून कोणती उत्तरे मिळतात, ती एकदा आमच्याच तोंडून, कॅमेऱ्यासमोर, जशीच्या तशी म्हणून पाहावी. 'आधी जातीचा प्रश्न सुटू दे.' 'तू त्या सवर्ण बायकांचं ऐकतेस.' 'घरातलं बाहेर कशाला?'

पुढच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात 'जिणं आमुचं'चे वाचन आणि ही बारा मिनिटांची फीत असा एकत्र कार्यक्रम ठेवला आहे. कॅमेरा त्या मुलीकडे असेल, जिने मला वर्ग सुटल्यावर थांबवले. पहिल्या खुर्चीवर मी बसणार आहे, आणि त्या दिवशी टाळ्या घेत मी उच्चारलेली वाक्ये मला तिथे पुन्हा म्हणायची आहेत.